रुपयातला एक पैसा





दरवर्षी नववी-दहावीची मुले समाजसेवेच्या वहीवर सही घ्यायला माझ्याकडे येतात. हेच काम का निवडले, असे विचारले की बहुतेक जण गप्प राहतात. यंदा एका मुलीने मात्र मलाच विचारले की, जन्मभर करावेसे वाटेल असे काम माणसाला सापडते तरी कसे? त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आज महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी लिहीत आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्यामुळे त्यांचे चरित्र मी स्वतः बरेच उशिरा वाचले.

अण्णासाहेब कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. बालपण कोकणात मुरुड येथे गरिबीत गेले. एका परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. पण वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. मॅट्रिक होईपर्यंत वयाची तेविशी आली. पुढे मुंबईत शिकवण्या करताना त्यांनी एक नियम केला. मिळणाऱ्या प्रत्येक रुपयातला एक पैसा धर्मादायासाठी बाजूला ठेवायचा. त्या वेळी रुपयाचे ६४ पैसे होत. देण्याची सवय आधी लागली, जन्माचे काम नंतर सापडले.

१८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्या काळी विधुराला दुसरे लग्न सहज करता येई. विधवेला मात्र ती मुभा नव्हती. अण्णासाहेबांनी १८९३ साली आपले मित्र नरहरपंत जोशी यांच्या विधवा बहिणीशी विवाह केला. गोदूबाई त्यांचे नाव. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. मुरुडच्या लोकांनी बहिष्कार घातला आणि त्याचा त्रास घरच्या माणसांनाही सोसावा लागला.

त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. पण असे विवाह फार थोडे होत. बाकीच्या विधवांचे काय? त्या दुसऱ्याच्या घरी राबत होत्या, कारण त्यांना शिक्षण नव्हते. हे लक्षात आल्यावर १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. पुढे पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आश्रमाचे काम सुरू झाले. महाविद्यालयात शिकवून ते पायी हिंगण्याला जात. आपली विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली.

या त्यागाचा भार घरावर पडला, हे सांगितलेच पाहिजे. संसाराला हातभार लागावा म्हणून आनंदीबाईंनी सुईणीचे शिक्षण घेतले. त्यांच्या विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या आणि १९१८ साली थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. एकाचे नाव होते, पण कष्ट अनेकांचे होते.

१९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी आपल्या हैदराबादेत विवेक वर्धिनीची सुरुवात झाली, हे आपण हैदराबादच्या मराठी माणसांनी लक्षात ठेवावे. १९१६ साली अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य. पहिल्या वर्षी महाविद्यालयात पाचच विद्यार्थिनी होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आई नाथीबाईंचे नाव मिळाले.

वयाच्या ७१ व्या वर्षी ते परदेश दौऱ्यावर निघाले. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९४४ साली जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले.

त्या मुलीला आता मी असे सांगेन. बेटा, अण्णासाहेबांनी कामांची यादी समोर ठेवून एक निवडले नाही. आपल्या घरात आणि मित्राच्या घरात जे दुःख दिसले, तेथून त्यांनी सुरुवात केली. पहिला उपाय अपुरा पडला, तेव्हा काम सोडले नाही, उपाय बदलला. तुझ्या गल्लीत कोणाला वाचता येत नसेल, कोणी आजी एकटी राहत असेल, तर आठवड्यातला एक तास तिथे दे. वही भरल्यानंतरही जात राहा.

पालकांना एवढीच विनंती की, मुलांना त्या तासासाठी अडवू नका. जमल्यास सोबत जा. विश्वस्त मंडळींना वेगळे काय सांगावे? परप्रांतात मराठी शाळा चालवणे म्हणजे हाच रुपयातला एक पैसा आहे.

आपला स्नेहाकांक्षी,
मुख्याध्यापक