भांडकुदळ म्हणून गाजलेला जो हॉल आणि विजेत्याशिवाय संपलेली स्टॅनली कपची फायनल

हॉकी म्हटलं की आपल्याला मेजर ध्यानचंद आठवतात. पण कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायात स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती. या खेळातला सगळ्यात मोठा मान म्हणजे स्टॅनली कप. १८९३ पासून दिल्या जाणाऱ्या या कपवर जिंकणाऱ्या संघांची नावं कोरली जातात.

फक्त १९१९ सालासमोर दोन संघांची नावं आहेत आणि मालिका पूर्ण झाली नाही, अशी नोंद आहे.

या नोंदीमागे एका खेळाडूचा मृत्यू आहे. त्याचं नाव जो हॉल.

जोचा जन्म इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा. तो लहान असतानाच घरचे कॅनडाला गेले. मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग आणि ब्रँडन या गावांत तो वाढला आणि तिथल्या कडाक्याच्या थंडीत हॉकी शिकला. पुढे तो बचावपटू म्हणून नावारूपाला आला. क्विबेक बुलडॉग्स संघाकडून त्याने १९१२ आणि १९१३ असा सलग दोनदा स्टॅनली कप जिंकला.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची भांडणं. अंगावर जाणं, काठी चालवणं, पंचांशी हुज्जत घालणं. त्यामुळे त्याला नावच पडलं, बॅड जो. १९१७ मध्ये एनएचएल ही लीग सुरू झाली. तिच्या पहिल्याच हंगामात टोरंटोच्या अल्फ स्किनरशी त्याची एवढी जुंपली की पोलिसांनी दोघांनाही अटक केली.

त्याचं सगळ्यात गाजलेलं वैर होतं मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या न्यूझी लालोंदशी. दोघांनी एकमेकांना कित्येकदा रक्तबंबाळ केलं होतं. गंमत म्हणजे १९१७ मध्ये हॉल याच कॅनेडियन्स संघात आला. मग काय झालं? दोघे दौऱ्यावर एकाच खोलीत राहू लागले आणि जिवलग मित्र झाले. बर्फाबाहेरचा जो मुळात शांत आणि मनमिळाऊ होता, असं त्याला ओळखणारे सांगायचे.

सिअ‍ॅटलमधली फायनल

मार्च १९१९. कॅनेडियन्सचा संघ फायनलसाठी मॉन्ट्रियलहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिअ‍ॅटलला आला. समोर होते सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स. १९१७ मध्ये स्टॅनली कप जिंकणारा अमेरिकेतला पहिला संघ. तीन सामने जिंकेल त्याचा कप, असा हिशोब होता.

तो काळ स्पॅनिश फ्लूचा होता. १९१८ मध्ये या साथीने मुंबईसह सगळ्या हिंदुस्थानात हाहाकार उडवला होता. सिअ‍ॅटलमध्येही त्या वर्षी थिएटर्स, शाळा बंद झाल्या होत्या, मास्कची सक्ती झाली होती. पण १९१९ च्या मार्चमध्ये निर्बंध उठलेले होते आणि लोकांना वाटत होतं, संकट टळलं.

पहिला सामना सिअ‍ॅटलने ७-० असा जिंकला. दुसऱ्यात लालोंदने एकट्याने चार गोल केले आणि मॉन्ट्रियलने ४-२ अशी बरोबरी साधली. तिसरा सिअ‍ॅटलने ७-२ असा घेतला. चौथ्या सामन्यात जादा वेळ खेळूनही कुणाला एकही गोल करता आला नाही. खेळाडू पार थकून गेले. पाचव्या सामन्यात मॉन्ट्रियल ०-३ असं मागे पडलं, पण जादा वेळेत ४-३ असं जिंकलं.

याच पाचव्या सामन्यात हॉलला उभं राहणंही अवघड झालं आणि तो मैदानाबाहेर आला. तोवर सगळ्यांना वाटलं, दमला असेल.

पण तो फ्लू होता.

सामना न खेळताच कप मिळत होता

दोन्ही संघांचे दोन-दोन विजय झाले होते. १ एप्रिलला निर्णायक सामना होता. पण तोवर हॉल, लालोंद, जॅक मॅकडोनाल्ड, बिली कुतू, लुई बर्लिंकेट आणि संघाचे मॅनेजर जॉर्ज केनेडी असे सगळेच तापाने फणफणले होते. संघ उतरवण्याइतकेही खेळाडू उरले नव्हते. सामन्याला काही तास राहिले असताना तो रद्द करावा लागला.

केनेडींनी मालिका सोडून देण्याची तयारी दाखवली. म्हणजे कप आपोआप सिअ‍ॅटलला मिळणार होता. घरचं मैदान, नियमही बाजूने. पण सिअ‍ॅटलचे प्रशिक्षक पीट मल्डून यांनी नकार दिला. प्रतिस्पर्धी आजारी आहे म्हणून मिळालेला कप त्यांना नको होता.

बाकीचे खेळाडू हळूहळू सावरले. हॉलचा ताप मात्र न्यूमोनियावर गेला. ५ एप्रिल १९१९ ला सिअ‍ॅटलच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. मागे बायको आणि मुलं होती. आयुष्यभर धसमुसळ्या खेळासाठी ओळखला गेलेला हा माणूस चाळिशीही गाठू शकला नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये त्याला दफन करण्यात आलं. केनेडीही त्या आजारातून कधी पूर्ण बरे झाले नाहीत. १९२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

१९६१ मध्ये जो हॉलला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. मेट्रोपॉलिटन्स संघ मात्र १९२४ मध्ये बंद पडला. मल्डूननी नाकारलेला तो दुसरा कप त्यांना पुन्हा कधीच मिळाला नाही.

त्यानंतर स्टॅनली कप फक्त एकदाच कुणालाच मिळाला नाही, २००५ मध्ये. पण तेव्हा कारण होतं मालक आणि खेळाडूंमधला पैशांचा वाद. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा खेळाडूंना बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवून, रिकाम्या स्टेडियममध्ये फायनल पूर्ण केली गेली. रोज चाचण्या होत होत्या. १९१९ मध्ये जो हॉलच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं. तो आजारी आहे हे कळलं, तेव्हा तो पाचवा सामना खेळत होता.