ग्रीसचा अंध प्राध्यापक : डॉ. ताहा हुसेन

विद्यार्थी मित्रांनो, हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रीस-रोमचा इतिहास शिकून काय मिळणार, असे तुम्हाला वाटत असेल. पालकांना तर हमखास वाटते. अशा सर्वांनी डॉ. ताहा हुसेन यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

ताहांचा जन्म १८८९ साली इजिप्तमधील मगागाजवळच्या खेड्यात, मुलाबाळांनी भरलेल्या सामान्य घरात झाला. लहानपणी डोळे आले, गावठी इलाज झाला आणि दृष्टी कायमची गेली. परंतु वडिलांनी मुलाला घरी बसवले नाही. मकतबात त्याने संपूर्ण कुरआन शरीफ मुखोद्गत केले. १९०२ साली तो कैरोच्या अल-अझहरमध्ये गेला. १९०८ मध्ये इजिप्शियन विद्यापीठ निघताच तेथेही जाऊ लागला. १९१४ साली अबुल अला अल-मअर्री या अंध कवीवर प्रबंध लिहून ताहांनी त्या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट मिळवली.

पुढे ते फ्रान्सला गेले. पॅरिसच्या सोरबोनमध्ये इतिहासाच्या पदवीसाठी लॅटिन भाषा आवश्यक होती. वयाची पंचविशी उलटल्यावर त्यांनी ती मुळाक्षरांपासून शिकली. सुझान नावाची तरुणी त्यांना पुस्तके वाचून दाखवी. १९१७ मध्ये तीच त्यांची पत्नी झाली. इब्न खल्दूनवर प्रबंध आणि रोमन इतिहासाची पदविका, दोन्ही त्यांनी पूर्ण केली.

१९१९ साली मायदेशी परतून ते प्राचीन ग्रीक व रोमन इतिहासाचे प्राध्यापक झाले. ग्रीसचा भूगोल शिकवायचा, पण नकाशा दिसणार कसा? पत्नीने बोटांना कळेल असा नकाशा करून दिला! १९२१ मध्ये त्यांनी अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ॲरिस्टॉटलचा ग्रंथ अरबीत आणला. त्या ग्रंथाची हरवलेली प्रत इजिप्तमध्येच सापडली होती. बगदादच्या विद्वानांनी अनेक शतकांपूर्वी ग्रीक ग्रंथ अरबीत आणले होते. तोच धागा ताहांनी पुन्हा हाती घेतला.

१९२६ साली त्यांच्या एका ग्रंथावरून मोठे वादळ उठले. त्यांची सर्वच मते आपल्याला पटतील असे नाही. पण १९५० मध्ये शिक्षणमंत्री होताच त्यांनी माध्यमिक शिक्षण मोफत केले, हे कोण विसरेल? १९७३ साली ते निवर्तले.

पालकांनो, अज्ञानाने त्या मुलाचे डोळे घेतले; वडिलांच्या एका निर्णयाने त्याला इल्म मिळाले. आपल्या घरातील एखादे मूल अपंग आहे, फी परवडत नाही किंवा विषय निरुपयोगी वाटतो म्हणून शाळेतून काढण्यापूर्वी त्या वडिलांना एकदा आठवा.