विश्लेषण : जीवाणूंचा शत्रू शोधणारे फेलिक्स द'हेरेल कोण होते?

प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू वाढू लागले, तसे शंभर वर्षांपूर्वीचे एक नाव पुन्हा चर्चेत आले आहे. जीवाणूंनाच लागण करणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरियोफाज’ म्हणजेच ‘फाज’ हे नाव देणारे फेलिक्स द'हेरेल.

शोध कसा लागला?
१८७३ मध्ये जन्मलेल्या द'हेरेल यांच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती. पहिल्या महायुद्धात ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सैनिकांमधील आमांशाचा अभ्यास करत होते. रुग्णाच्या विष्ठेचा अर्क त्यांनी जीवाणू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला आणि जीवाणूंच्या गढूळ द्रावात मिसळला. काही तासांत द्राव नितळ झाला. १९१७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी अशीच नोंद १९१५ मध्ये केली होती. पण तिचा पाठपुरावा झाला नाही.

फाज काय करतो?
तो जीवाणूला चिकटतो, आपला जनुकीय ऐवज आत सोडतो, आत स्वतःच्या प्रती तयार करवतो आणि अखेर जीवाणू फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशींना त्याची लागण होत नाही.

उपचार का मागे पडला?
१९१९ मध्ये आमांशाच्या बालरुग्णांना फाज देण्यापूर्वी द'हेरेल यांनी ते स्वतः पिऊन पाहिले. पुढे भारतातही त्यांनी पटकीवर प्रयोग केले. १९३०च्या दशकात ते सहकारी जॉर्ज एलियावा यांच्या तिबिलिसीतील संस्थेत गेले. स्टालिनच्या राजवटीत १९३७ मध्ये एलियावांना मृत्युदंड झाला. त्यानंतर पेनिसिलिन आले आणि पाश्चात्त्य देशांनी फाजकडे पाठ फिरवली.

ते कुठे चुकले?
सर्व फाज एकाच जातीचे, असे ते मानत. फाज हा विषाणू आहे हेच काहींना मान्य नव्हते. तो वाद १९४०च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिटवला. मग शेपटीच्या आकारावरून फाजची कुळे ठरली. २०२२ मध्ये तीही मोडीत काढून जनुकीय साम्यावर आधारित वर्गीकरण स्वीकारले गेले.

याचे महत्त्व काय?
बहुतेक फाज ठरावीक जीवाणूंनाच मारतात. चुकीचा फाज दिला तर उपचार फुकट जातो. म्हणून नेमकी ओळख पटवणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

द'हेरेल १९४९ मध्ये पॅरिसमध्ये निधन पावले. नोबेलसाठी अनेकदा नामांकन होऊनही तो सन्मान त्यांना मिळाला नाही. तिबिलिसीतील ती संस्था मात्र आजही फाजने रुग्णांवर उपचार करते.