पहिले सुवर्णपदक आणि आचार्य अत्रे

आचार्य अत्रे म्हटले की आपल्याला आठवतात सभा गाजवणारी भाषणे, पोट धरून हसवणारी नाटके आणि झोंबणारे अग्रलेख. पण भारत सरकारच्या पहिल्याच चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यांना मिळवून दिले ते एका गरीब घरातल्या आईच्या कथेने.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोढीत गावी झाला. पेशाने ते शिक्षक. पुण्याच्या कॅम्प भागातील शाळा त्यांनी नावारूपाला आणली, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेतली, मुलांसाठी वाचनमाला तयार केली. पुढे ‘झेंडूची फुले’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘ब्रह्मचारी’ यांनी त्यांना विनोदाचा बादशहा केले. मुलांना घडवण्याची त्यांची ओढ मात्र सुटली नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. गुरुजी १९५० साली गेले आणि तीन वर्षांनी अत्र्यांनी त्या पुस्तकाचा चित्रपट केला. श्याम झाला माधव वझे. आईच्या भूमिकेत होत्या वनमाला, म्हणजे ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातील सुशीलाबाई. ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर नायिका म्हणून झळकलेल्या या रूपवतीने इथे साधे लुगडे नेसून कोकणातले दारिद्र्य आणि स्वाभिमान उभा केला.

१० ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत १९५३ सालच्या चित्रपटांचा गौरव झाला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले, सुवर्णपदक मात्र ‘श्यामची आई’ला. पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ने उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे रौप्यपदक मिळवले.

पदकांवर अत्रे विसावले नाहीत. १९५६ साली त्यांनी दैनिक ‘मराठा’ काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात स्वतःला झोकून दिले. १९६० साली राज्य झाले, पण बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांत मराठी टिकली ती बहुधा आईच्या तोंडून. देशाचे पहिले सुवर्णपदक अशाच एका आईच्या मराठीला मिळाले, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. आणि जमल्यास एका संध्याकाळी तो चित्रपट त्यांच्या शेजारी बसून पाहावा.