आगगाडीचे नाना

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर मुरबाड हे गाव लागते. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच नाना, यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी या गावी झाला. घराणे मुंबईतील नामांकित सावकारांचे होते. वडील १८२२ साली वारले आणि ऐन तारुण्यात मोठ्या पेढीचा भार नानांच्या शिरावर आला.

त्या काळी मुरबाडहून मुंबईस जावयाचे म्हणजे कल्याणपर्यंत बैलगाडी आणि पुढे खाडीतून होडी. माघातल्या पहाटे गाडीत पेंढा अंथरावा, अंगावर घोंगडी ओढावी आणि मुक्कामी शेकोटीपाशी हातपाय शेकावेत, एवढीच काय ती थंडीवरची तजवीज. पावसाळ्यात चाक चिखलात रुतले की आत बसलेल्यांनाच उतरून गाडी ढकलावी लागे!

इंग्लंडात १८३० सालापासून लिव्हरपूल व मँचेस्टर या शहरांमध्ये वाफेच्या गाड्या धावू लागल्या होत्या. परंतु तेथेही सुख पैशाच्या मापानेच मिळे. गरीब उतारू उघड्या डब्यांतून वारापाऊस सोशीत जात. त्यांना आडोसा व बसावयास बाके द्यावीत, यासाठी १८४४ साली कायदा करावा लागला. पुढे हिवाळ्यात कढत पाण्याने भरलेले चपटे पत्र्याचे डबे उतारूंच्या पायांखाली ठेवण्याची रीत पडली. तो मानही प्रथम वरच्या वर्गाचा. पाणी निवले की ऊब सरली. मग वाटेतल्या स्थानकावर दुसरा डबा यावयाचा.

अशी गाडी आपल्या मुलखात यावी, हे नानांच्या मनाने घेतले. १८४५ साली त्यांनी सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह त्यासाठी एक मंडळ स्थापन केले. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या संचालकांत हे दोघेच हिंदी गृहस्थ होते. आपले लोक या धुराच्या गाडीत बसतील तरी का, अशी शंका पुष्कळांस वाटे. शाळांच्या कामातही नाना असेच पुढे होते. मुलींच्या शाळेस त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

शनिवार, १६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांची सलामी झाली आणि तीन इंजिने जोडलेली १४ डब्यांची गाडी बोरीबंदरहून निघाली. आत सुमारे ४०० पाहुणे होते; नानाही होते. ठाण्यापर्यंतची २१ मैलांची वाट सुमारे एका तासात सरली. आपल्याकडे उतारूंना छळणारा शत्रू थंडी नव्हे, तर उन्हाळा. म्हणून पुढे वरच्या वर्गाच्या डब्यांना वाळ्याचे ओले पडदे लावू लागले. खालच्या वर्गाच्या नशिबी मात्र गर्दी आणि घाम. लोकांनी तरीही गाड्या भरून टाकल्या.

लोहमार्ग १८५४ साली कल्याणला पोहोचला. तेथून तो शहापूरच्या बाजूने वळला. १८५५ साली वासिंद, १८६० साली आसनगाव आणि १८६१ साली कसारा. नानांचे मुरबाड बाजूलाच राहिले; तेथील माणसाला कल्याणपर्यंत बैलगाडीच जुंपावी लागे.

१८६२ साली नाना मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. तिकडे थळ घाटात कातळ फुटत होता. ३७ फुटांस एक फूट अशी चढण. ती चढून जानेवारी १८६५ मध्ये गाडी इगतपुरीस गेली. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी मुंबईत नानांचे निधन झाले.