हिरे जमातीचे की देशाचे?

सेरेत्से खामा हे बामांग्वाटो जमातीच्या गादीचे वारस. १९४८ मध्ये त्यांनी इंग्रज तरुणीशी विवाह केला आणि दक्षिण आफ्रिकेची मर्जी सांभाळणाऱ्या ब्रिटनने त्यांना मायदेशाबाहेर ठेवले. गादीवरील हक्क सोडल्यावरच, १९५६ मध्ये, ते परतू शकले. १९६६ मध्ये ते स्वतंत्र बोट्स्वानाचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा देशात डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर.

१९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले, तेही खामांच्याच जमातीच्या प्रदेशात. कटांगाच्या खनिजांपायी काँगोची झालेली दैना ताजी होती. त्याच वर्षी कायद्याने खनिजांवरील हक्क जमातींकडून राज्याकडे आले. स्वकीयांचे नुकसान पत्करणारा हा निर्णय आपल्याकडील खाणप्रदेशांच्या राजकारणात विरळाच! पुढे १९७५ मध्ये डी बिअर्सबरोबरच्या कंपनीत सरकारने निम्मा वाटा मिळवला. १९८० मध्ये पदावर असतानाच खामा वारले. उपाध्यक्ष मसिरे यांनी सूत्रे घेतली, सैन्य बराकीतच राहिले.