विश्लेषण : हात भाजला, बँजो सुटला... दोन बोटांचा जँगो राइनहार्ट कसा घडला?

युरोपातल्या जॅझ गिटारवादकांत सर्वांत मोठे नाव जँगो राइनहार्टचे घेतले जाते. पण त्याचे पहिले वाद्य गिटार नव्हते, बँजो होते. वयाच्या १८ व्या वर्षी आगीत त्याचा डावा हात भाजला. दोन बोटे कायमची आखडली आणि वाद्यापासून बोटांच्या मांडणीपर्यंत सगळे नव्याने ठरवावे लागले.

हा बँजो कोणता?

आपल्याकडे बँजो म्हटले की गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. तो बँजो बटणांचा, बुलबुलतरंगच्या जातीचा. जँगोचा वेगळा. गोल कड्यावर डफासारखे ताणलेले कातडे, त्यावर घोडी आणि तिच्यावरून दांडीपर्यंत गेलेल्या तारा. हे वाद्य वादकाला बरेचसे आपल्या हाताप्रमाणे जुळवून घेता येते. कड्याभोवतीचे स्क्रू आवळले की कातडे ताणले जाते आणि आवाज टोकदार होतो, सैल केले की मऊ. घोडी चिकटवलेली नसते, त्यामुळे उंच किंवा बुटकी बसवून तारा बोटांपासून दूर-जवळ करता येतात. इतकेच काय, दांडीही बदलता येते. जँगोकडे होता तो ‘बँजो-गिटार’ याच सोयीतून आलेला प्रकार : अंग बँजोचे, पण सहा तारा आणि त्या गिटारच्याच सुरांत लावलेल्या. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

तो शिकला कुठे?

जन्म २३ जानेवारी १९१० चा, बेल्जियममधल्या लिबरशी गावचा. कुटुंब मानूश रोमा, म्हणजे भटके. बालपण पॅरिसच्या वेशीवरच्या वस्तीत, चाकांच्या घरात गेले. शाळा जवळपास नाहीच. साधारण १२ व्या वर्षी बँजो-गिटार हाती आले आणि इतरांची बोटे पाहत, कानाने ऐकत तो शिकला. लवकरच पॅरिसच्या नृत्यगृहांत तो अकॉर्डियनवादकांना साथ करू लागला. मायक्रोफोन नाही, समोर अकॉर्डियन आणि नाचणाऱ्यांचा गलका. अशा ठिकाणी बँजोचा खणखणीत आवाजच टिकायचा. १९२८ मध्ये पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यावर नाव चुकीचे छापले गेले. स्वतः जँगोला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच वर्षी इंग्लंडचा नामांकित बँडप्रमुख जॅक हिल्टन याने त्याला आपल्याकडे येण्याचे आमंत्रण दिले.

त्या रात्री काय झाले?

१९२८ च्या अखेरीस एका रात्री त्याच्या घरगाडीला आग लागली. गाडीत पत्नीने विकण्यासाठी बनवलेली सेल्युलॉइडची फुले होती आणि सेल्युलॉइड भसकन पेटते. डावा हात आणि उजवा पाय गंभीर भाजला. डॉक्टर पाय कापायला निघाले होते, त्याने नकार दिला. पुढचे सुमारे दीड वर्ष उपचारांत गेले. पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र तळव्याकडे वळून आखडली. तंतुवाद्य वाजवणाऱ्यासाठी हा अर्धा हात गेल्यासारखाच.

मग गिटारच का?

भाऊ जोसेफने त्याला नवी गिटार आणून दिली. बँजोची घोडी हलवा, कातडे सैल करा, पण त्याचा सूर उमटतो आणि लगेच विरतो. दोन बोटांना दांडीवर सरकायला वेळ हवा असतो आणि गिटारचा सूर तेवढा रेंगाळतो. तारांची जुळवणी आधीसारखीच असल्याने स्वरांचा नकाशा पाठ होता, बदलायचा होता तो रस्ता. आडवे चार बोटांत पसरणारे स्वर त्याने तर्जनी आणि मधल्या बोटाने दांडीच्या लांबीवर धावत पकडले. आखडलेली बोटे काही कॉर्डमध्ये बारीक तारांवर नुसती अडकवली, तर जाड तारेसाठी अंगठा वरून वळवला. काळही साथीला होता. मायक्रोफोन रुळला, तसा जॅझमध्ये बँजो मागे पडून गिटार पुढे येत होती.

१९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीसोबत ‘क्विंटेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स’ उभे राहिले. त्यात ड्रम नव्हता. तालाची बाजू दोन गिटार आणि डबल बास सांभाळत. एका गिटारवर जोसेफच असे. एवढ्या साथीच्या वर एकल वादन ऐकू जायचे तर वाद्यही तसेच हवे. सॅक्सोफोन बनवणाऱ्या सेल्मर कंपनीने १९३२ मध्ये मारिओ माकाफेरीच्या आराखड्यावर गिटार काढली होती. तिच्या अंगाला एका बाजूने खाच होती, त्यामुळे उंच स्वरांच्या पडद्यांपर्यंत हात सहज जाई. दांडीवर वर-खाली धावणाऱ्या जँगोला हेच हवे होते. पुढच्या नमुन्यांत आवाजाचे भोक लहान, लंबगोल झाले आणि सूर दूरवर जाऊ लागला.

पुढे काय?

युद्धकाळात नाझींनी लाखो रोमांना मारले. जँगो व्यापलेल्या पॅरिसमध्ये वाजवत राहिला. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला पळण्याचा प्रयत्न फसला. १९४६ मध्ये त्याने ड्यूक एलिंग्टनसोबत अमेरिकेचा दौरा केला आणि पुढे इलेक्ट्रिक गिटारही हाती घेतली. शेवटची वर्षे सीन नदीकाठच्या साम्वा गावी, बरीचशी मासेमारीत गेली. १६ मे १९५३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. त्याची ५०३ क्रमांकाची सेल्मर गिटार पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे.